आमदार अधिवेशनात प्रश्न लावतात, म्हणजे नेमकं काय होतं?

सुरतेला नोकरी करणाऱ्या एका भाऊंनी विचारलंय. आईवडील जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या गावात राहतात. वडील सूतगिरणीत होते, त्यांना महिन्याला १,१४३ रुपये पेन्शन मिळते. ती वाढावी ही पहिली मागणी. आईचा श्रावणबाळचा पगार, म्हणजे म्हाताऱ्यांना सरकारकडून मिळणारं महिन्याचं अनुदान, चार महिने झाले आलेला नाही, ही दुसरी तक्रार. गावची मुक्कामी एसटी बंद पडली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना बँकेत जायचं तर रिक्षावाल्याच्या हातापाया पडावं लागतं, ही तिसरी. संक्रांतीला गावी गेले तेव्हा त्यांनी तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून आमदारांना निवेदन दिलं. आमदार म्हणाले, "अधिवेशनात प्रश्न लावतो." भाऊंना जाणून घ्यायचंय की याने खरंच काही होतं, की ही नुसती बोळवण आहे.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. अकरा वर्षं तहसीलच्या संगायो शाखेत काढली, म्हणजे संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळचं टेबल. निवृत्त झाल्यावर काही वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात बसून त्यांचे प्रश्न लिहून द्यायचं काम केलं. म्हणजे आधी प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि मग प्रश्न लिहिले. खरं तर हे उलट व्हायला हवं होतं, पण झालं ते बरंच झालं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसं काहीसं.

भाऊंच्या कागदावर तीन तक्रारी आहेत, पण तिघींची घरं वेगळी आहेत. सूतगिरणीची पेन्शन दिल्लीच्या हातात, श्रावणबाळ मंत्रालयाच्या आणि तहसीलच्या हातात, आणि मुक्कामी गाडी बऱ्याच अंशी आगाराच्या आणि तुमच्या ग्रामपंचायतीच्या हातात. तिन्ही एका निवेदनात घातल्या की आमदारांचा पीए ते निवेदन वाचतो, मान हलवतो आणि फाईलला लावतो. मीही तेच केलं असतं. विधानसभेच्या एका प्रश्नात एकच विषय घेता येतो. तीन विषयांच्या कागदातून प्रश्न काढायचा म्हणजे आधी कोणीतरी तो कागद फाडून तीन करायला हवेत, आणि अधिवेशनाच्या तोंडावर तेवढी फुरसत कोणाला नसते.

वडिलांचं आधी सांगतो, कारण तिथे आमदारांकडून अपेक्षा ठेवून उपयोग नाही. ही ईपीएस-९५ ची पेन्शन, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेची. योजना केंद्राची, कायदा केंद्राचा. राज्य सरकारचा ज्या विषयाशी संबंध नाही, त्यावरचा प्रश्न विधानभवनातच अडतो, तो मंत्र्यापर्यंत पोचतच नाही. यासाठी खासदार. तुमचं गाव चोपडा-यावलच्या बाजूला असेल तर रावेरचे, अमळनेरच्या बाजूला असेल तर जळगावचे. लोकसभेत प्रश्नासाठी किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निघतात. तारांकित म्हणजे ज्याला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर.

पण खरं बोलायचं तर ईपीएसवर लोकसभेत इतक्यांदा प्रश्न झालेत की उत्तर आधीच माहीत असतं. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये केली, पुढची वाढ निधीच्या स्थितीवर अवलंबून, वगैरे. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० ची शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले. पेन्शनरांची मागणी आता ७,५०० आणि महागाई भत्ता अशी आहे. तुमच्या वडिलांचा हिशेब बघा. सरासरी पगार ५,००० आणि नोकरी १६ वर्षं धरली तर गुणाकाराला सत्तरने भागायचं, ८०,००० भागिले ७०, आले १,१४३. किमान पेन्शनच्या १४३ रुपये वर असल्यामुळे २०१४ च्या निर्णयाचा त्यांना छदामही मिळाला नाही. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे पहिल्या महिन्याला जेवढी हातात पडली तेवढीच आजही पडते. म्हणून खासदारांना लिहायचं असेल तर "पेन्शन वाढवा" एवढंच लिहू नका. १,००० च्या थोडं वर असलेल्यांचा किमान पेन्शनमध्ये विचार झाला का, महागाई भत्त्याबाबत काय ठरलं, असं विचारायला सांगा. त्याचं उत्तर निदान नवीन लिहावं लागेल.

यात एक मेख आहे, तीही सांगून ठेवतो. श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. माझ्या हाताखालून सर्वसाधारण अर्जदारांची जेवढी प्रकरणं गेली त्या सगळ्यांना हाच आकडा होता. वडिलांची पेन्शन वर्षाला १३,७१६, म्हणून आई बसते. उद्या ती पेन्शन ७,५०० झाली तर वर्षाचे झाले ९०,०००, आणि आईचे श्रावणबाळचे महिन्याचे १,५०० गेले. म्हणजे घरात वाढ ६,३५७ ची न होता ४,८५७ ची होईल. वाढ ती वाढच, मला ती नको आहे असं नाही. पण जे आमदार-खासदार एका व्यासपीठावरून दोन्ही मागण्या करतात, त्यांनी २१,००० च्या आकड्याबद्दलही बोलावं. हा मुद्दा मात्र विधानसभेत चालतो. तो लिहून द्या.

आता आईचा पगार. इथे प्रश्नाचा खरा उपयोग आहे, आणि इथेच तो सगळ्यात जास्त वाया जातो.

प्रश्न विधानभवनात स्वीकारला गेला की तो मंत्रालयात सामाजिक न्याय विभागाकडे जातो. तिथला कक्ष अधिकारी तो जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवतो, जिल्हाधिकारी कार्यालय तहसीलला, तहसीलदार संगायोच्या नायब तहसीलदारांना, आणि ते तुमच्या आईची फाईल ज्याच्या कपाटात आहे त्या कारकुनाला. म्हणजे मंत्री सभागृहात जे वाचतात ते मुळात त्या कारकुनाने लिहिलेलं असतं, ज्याच्याबद्दल तुमची तक्रार आहे. कागद उलट्या वाटेने वर जाताना भाषा जरा सरकारी होते, एवढाच फरक.

मी स्वतः लिहिलंय. एका शुक्रवारी दुपारी साडेचारला फॅक्स आला, वर लाल शिक्का, "विधानसभा तारांकित प्रश्न – अतितात्काळ", आणि उत्तर संध्याकाळपर्यंत मागितलेलं. ऑफिसात आम्ही त्याला एलएक्यू म्हणतो. एलएक्यू आलाय म्हटलं की चहासुद्धा थांबतो. प्रश्न असा होता की तालुक्यातील पाचशेहून अधिक निराधारांचं अनुदान सहा महिन्यांपासून प्रशासनाच्या हलगर्जीपणामुळे बंद आहे, हे खरे आहे काय. मी रजिस्टर उघडलं. बंद होते, नक्की होते. पण पाचशे नव्हते, दोनशेच्या आसपास होते. सहा महिने नव्हे, कोणाचे दोन, कोणाचे चार. आणि हलगर्जीपणा म्हणाल तर तो काही रजिस्टरमध्ये लिहिलेला नसतो. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पाचशे आहेत का? नाहीत ना? मग लिही." मी लिहिलं: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." दोन ओळी. सहा वाजता फॅक्स गेला आणि आम्ही घरी गेलो. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्या दोनशे जणांचं काय झालं हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नाही. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

पुढे आमदारांकडे बसलो तेव्हा तो कागद डोळ्यांसमोर ठेवूनच प्रश्न लिहायचो. कारकुनाला "हे खरे नाही" लिहून सुटता येऊ नये, एवढंच एक बघायचं. त्यासाठी प्रश्नात विशेषणं कमी आणि गावांची नावं जास्त हवीत. "शेकडो", "हजारो", "वंचित", "उपासमारीची वेळ" हे शब्द वर्तमानपत्राला पाठवा. प्रश्नात आकडा घालायचा तर तुम्ही स्वतः मोजलेला घाला, नाहीतर आकडा सरकारला विचारा. तुमच्या प्रकरणात मी असं लिहून दिलं असतं:

"(१) अमुक तालुक्यातील अमुक, अमुक व अमुक या गावांतील श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेच्या काही लाभार्थ्यांना माहे अमुकपासून अनुदान प्राप्त झालेले नाही, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, आधार संलग्न नसणे, हयातीचा दाखला नसणे, उत्पन्नाचा दाखला नसणे व अन्य कारणांमुळे अनुदान थांबलेल्या लाभार्थ्यांची गावनिहाय व कारणनिहाय संख्या किती आहे;

(३) असल्यास, अनुदान थांबविण्यापूर्वी संबंधित लाभार्थ्यांना लेखी कळविण्यात आले होते काय, तसेच थांबलेल्या महिन्यांची रक्कम त्यांना केव्हापर्यंत अदा करण्यात येणार आहे;

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

पहिल्या भागातला "काही" हा शब्द बघा. एका जरी म्हातारीचा पगार थांबला असेल तरी "हे खरे नाही" लिहिता येत नाही. दुसऱ्या भागात तक्ता मागितलाय. तक्ता करायचा म्हणजे कारकुनाला एकेक नाव उघडून बघावं लागतं, आणि नाव उघडलं की अर्ध्या वेळा तिथेच लक्षात येतं की अरे, हिचा दाखला तर आलेला आहे, नोंद करायची राहिली. लगेच नोंद होते, कारण "दाखला येऊनही आम्ही नोंद केली नाही" असं मंत्र्यांना कळवायला कोणालाच नको असतं. तिसऱ्या भागातलं "लेखी कळविण्यात आले होते काय" हे मी मुद्दाम घालायचो. उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं, आणि ते लिहिताना हात जड होतो.

माझ्या अनुभवात प्रश्नाचा फायदा झाला तो याच पंधरा-वीस दिवसांत, कागद वरून खाली येऊन परत वर जाईपर्यंत. सभागृहात काय झालं याच्याशी त्याचा फार संबंध नसतो. प्रश्नोत्तराचा तास एकच. त्यात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, आणि गोंधळ झाला तर तेवढेही नाहीत. बाकीच्यांची उत्तरं लेखी सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. "साहेबांचा प्रश्न लागलाच नाही" म्हणून हळहळणारे कार्यकर्ते मी पाहिलेत, आणि त्याच प्रश्नामुळे आदल्या आठवड्यात पगार सुरू झालेली माणसंही पाहिलीत. त्यांना प्रश्न होता हेही माहीत नव्हतं. प्रश्न पुकारला गेला, मंत्री उभे राहिले आणि "एक महिन्यात कार्यवाही करू" म्हणाले तर अर्थातच उत्तम. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, आश्वासन समितीकडे जातं आणि पुढे विचारायला जागा राहते. पण त्यावर विसंबून राहू नका.

हे सगळं कशावर अवलंबून आहे? तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारूच शकत नाहीत. ते उत्तर देणाऱ्यांत बसतात. खान्देशात विधानसभेच्या २० जागा, जळगावच्या ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४; शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांना गळ घालता येते. आणि नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघातून निवडून गेलेले विधान परिषद सदस्य आपलेही आहेत, हे लोक विसरतात. त्यांचा मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा, पण गावोगावची निवेदनं त्यांच्याकडे फार जात नाहीत. जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षकांची पेन्शन उशिरा होण्याचं जे रडगाणं आहे, त्यासाठी तर तोच दरवाजा. आमदार सत्तेतले की विरोधातले याने मला वाटलं होतं तेवढा फरक पडला नाही. पीए किती जागरूक आहे याने जास्त पडतो.

प्रश्न तुमच्या आईच्या नावाने होत नाही हेही ध्यानात ठेवा. एका माणसाचं प्रकरण विधानसभेत चालत नाही, सार्वजनिक महत्त्वाची बाब लागते. म्हणून आईचं काम तहसीलमध्ये स्वतंत्र चालूच ठेवायचं, आणि प्रश्न गावाचा करायचा.

आईपुरतं सांगायचं तर आधी हे शोधा की नाव यादीतून निघालंय की नाव आहे पण पैसे पोचत नाहीत. दोन्हीला लोक "पगार बंद पडला" असंच म्हणतात, पण औषध वेगळं आहे. आता अनुदान थेट आधारवर येतं, आणि आधारवरचा पैसा शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं गेलं तिथे जातो. मधे कधी कोणी शिबिरात आईचं दुसरं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे साठत असतील आणि आई जुनं पासबुक घेऊन खेटे घालत असेल. अशी निदान दहा-बारा घरं मी स्वतः पाहिलीत. एका आजीने तर नातवाला चोर ठरवलं होतं, आणि पैसे पोस्टाच्या खात्यात सुरक्षित होते. दुसरं, एकाच गल्लीत एकीचे पैसे आले आणि दुसरीचे नाही, असं झालं की भांडणं लागतात. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी अशी या पैशाची खाती सरकारकडे वेगळी आहेत. एका खात्याचा निधी आधी सुटतो, दुसऱ्याचा मागून. त्यात तलाठ्याचा किंवा सरपंचाचा हात नसतो.

हयातीच्या दाखल्याचं दुखणं निराळंच. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बायका. चाळीस वर्षं बोंडं वेचून बोटांवरच्या रेषा राहत नाहीत. बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. मग तो पोरगा म्हणतो, "आजी, अंगठा डोक्यावरून फिरवा," म्हणजे केसांतलं तेल लागून रेषा उमटाव्यात. आजी पदर मागे घेऊन पांढऱ्या केसांवर अंगठा घासते, परत ठेवते, परत लाल. मागे रांग. तीन-चारदा झालं की ती आपणच बाजूला होते. "भाऊ, मना अंगठा घसाई गया," असं एकीने मला सांगितलं होतं, जणू तिच्याच हातून काही नुकसान झालं. अशा ठिकाणी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय मागा. केंद्राच्या जीवन प्रमाणला ती आहे, तुमच्या वडिलांना ती घरबसल्या मोबाईलवर करता येईल. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचीच अट नाही. वर्षात केव्हाही दाखला द्या, तिथून वर्षभर चालतो. आणि दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निर्वाह निधीवाले जिल्ह्यात तक्रारींसाठी शिबिर घेतात, तिथे वडिलांचा कागद नेता येईल.

मुक्कामी गाडीबद्दल मात्र प्रश्न लावायची घाई करू नका. प्रश्न लागेल, परिवहन विभागाचं उत्तर येईल, आणि ते मी आत्ताच सांगतो: "हे अंशतः खरे आहे. सदर फेरीचे भारमान कमी असल्याने…" भारमान म्हणजे गाडीत किती टक्के माणसं बसतात ते. २०२१-२२ च्या संपात फेऱ्या थांबल्या आणि खेड्यापाड्यातल्या बऱ्याच परत आल्याच नाहीत. नंतर सवलती आल्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तुमच्या गावात या सवलती आहेत, फक्त गाडी नाही.

मुक्कामी गाडी बंद का होते याचं कारण पुष्कळदा भारमानापेक्षा साधं असतं. चालक-वाहकाला झोपायला जागा नसते. मी एका गावी गेलो होतो. तिथे म्हणे दोघं गाडीतच झोपायचे, डिसेंबरात, आणि सकाळी लोटा घेऊन शेतात. त्यात वाहक बाई लागली तर? आगार व्यवस्थापक कागदावर भारमान लिहितात, पण चहा पिताना हेच सांगतात. त्या गावच्या ग्रामपंचायतीने जुन्या वाचनालयाची खोली दिली, संडास दुरुस्त केला, दिवा-पंखा लावला, तसा ठराव करून आगाराला दिला. सोबत शाळेकडून तालुक्याला जाणाऱ्या पोरापोरींच्या पासची संख्या घेतली, म्हाताऱ्यांची यादी जोडली. आमदारांनी विभाग नियंत्रकांना एक फोन केला. गाडी दोन महिन्यांत आली. विधानसभेपर्यंत विषय गेलाच नाही. आमदारांचा फोनही लागतोच, नाही असं नाही, पण फोन करताना त्यांच्या हातात तो ठराव होता.

आगाराने दाद दिली नाही तर पंचायत समितीच्या आमसभेत विषय मांडा. ती आमदारांच्याच अध्यक्षतेखाली होते आणि आगार व्यवस्थापकाला तिथे सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तोही आहे. आमदार निधीतून गाडी सुरू करता येते का, असं अनेकजण विचारतात. नाही. निवारा शेड बांधता येते. म्हणूनच गावोगावी शेड दिसतात, गाड्या दिसत नाहीत.

आता वेळेचं. आपली तीन अधिवेशनं, फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पाचं, जून-जुलैच्या सुमारास पावसाळी, ही दोन मुंबईला, आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी द्याव्या लागतात. म्हणजे या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी तुमची वेळ गेली. आमदारांनी संक्रांतीला "लावतो" म्हटलं ते मनापासून असलं तरी तेव्हाच उशीर झाला होता. पावसाळी अधिवेशनाचे प्रश्न एप्रिल-मेमध्ये लिहायचे. तुम्ही सुरतेहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येणारच असाल. तो मुहूर्त धरा. त्या दिवसांत माहेरवाशिणी, पोरं, सगळे घरी असतात, आणि म्हाताऱ्यांची कागदपत्रं कुठल्या डब्यात आहेत हे सांगणारं माणूस भेटतं.

एक शंभर पानी वही घ्या. माणसाचं नाव, योजना कोणती, शेवटचा पैसा कोणत्या महिन्याचा आला, कोणत्या बँकेत, आणि बंद का झालं म्हणून तहसीलमध्ये काय सांगितलं. पाच रकाने, बास. आधार क्रमांक लिहू नका, गरज नाही आणि वही हरवली तर पंचाईत. मी पहिल्यांदा अशी यादी केली तेव्हा चाळीसेक नावं झाली. खुशीत तहसीलला दिली, आणि तिथल्या माझ्याच जुन्या सहकाऱ्याने चष्मा वर करून विचारलं, "अण्णा, यातले दोन तर वारलेत. त्यांचा पगार पण सुरू करायचाय का?" सगळे हसले आणि ती यादी तिथेच संपली. तेव्हापासून यादी झाली की गावच्या पोलीस पाटलाला किंवा पारावर बसणाऱ्या दोन जुन्या माणसांना वाचून दाखवल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही.

यादीच्या तीन प्रती काढा. एक तहसीलला, आवक क्रमांकाची पोच घेऊन. एक आमदारांच्या पीएच्या हातात, वर दिलेला मसुदा जोडून, गावांची नावं आणि महिना भरून. त्याला सांगा, हवं तसं बदला, पण "काही लाभार्थ्यांना" मधला "काही" काढू नका. तिसरी गावात ठेवा. बसचा कागद वेगळा, वडिलांचा वेगळा. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येतात, तालुक्याचं नाव घालून शोधता येतं. उत्तर मिळालं की ते इथे टाका. "हे अंशतः खरे आहे" आलं असेल तर त्याखालचा कारणांचा तक्ताही टाका, म्हणजे कोणत्या रकान्यात आई अडकली होती ते बघता येईल.